फायर अलार्मची वायर काढू नका, दुरुस्ती मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै हा इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणेच्या सहामाही प्रमाणपत्राचा महिना, आणि फायर अलार्म विनाकारण वाजण्याचा हंगामही हाच. ठाणे, नवी मुंबई, पुण्याकडे हिंजवडी-खराडी, कुठल्याही उंच इमारतीत विचारा. रात्री अडीचला हूटर वाजतो, लोक दाराबाहेर येतात, वॉचमन पॅनेलवरचे बटण दाबतो आणि सगळे पुन्हा झोपायला जातात. चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी कुणी दार उघडत नाही. त्यानंतर कधीतरी कुणीतरी हूटरची वायरच काढून ठेवतो आणि सोसायटीत शांतता नांदते.

या सगळ्यात भाड्याने राहणाऱ्याची सर्वांत जास्त पंचाईत होते. कमिटीच्या सभेत त्याला बसता येत नाही, देखभालीच्या कंत्राटावर त्याची सही नसते. ‘तुमच्याच घरातल्या धुपाने वाजतो’ हे मात्र त्यालाच ऐकून घ्यावे लागते. त्याच्या हातात नेमके काय आहे आणि काय नाही, हे तपशिलात मांडण्यासाठी हे पत्र.

सुरुवात पॅनेलपासून करू, कारण पुढची सगळी भांडणे तिथेच सुटतात. तळमजल्यावर सिक्युरिटीच्या खोलीत किंवा लॉबीत जी लाल किंवा करडी पेटी असते, ती दोन प्रकारची असते. जुन्या आणि छोट्या इमारतींत साधे कन्व्हेन्शनल पॅनेल असते. त्यात दोन-तीन मजल्यांचा किंवा एका विंगचा मिळून एक झोन, आणि झोनला एक दिवा. अलार्म झाला की दिवा लागतो. पण त्या झोनमधल्या वीस डिटेक्टरांपैकी कोणता वाजला हे कळण्यासाठी जिने चढून प्रत्येकाखालचा लाल दिवा बघावा लागतो. रीसेट दाबले की तो दिवाही जातो आणि पुरावाही. नव्या इमारतींत अ‍ॅड्रेसेबल पॅनेल असते. तिथे प्रत्येक डिटेक्टरला आणि प्रत्येक काचेच्या लाल डबीला, म्हणजे मॅन्युअल कॉल पॉइंटला, स्वतःचा क्रमांक असतो. पडद्यावर लूप (डिटेक्टर जोडणारी वायरची साखळी), डिव्हाइस क्रमांक, वेळ आणि ठिकाण उमटते आणि मागच्या घटना पॅनेलच्या स्मृतीत राहतात. अनेक ठिकाणी कंत्राटदाराने ठिकाणांची नावे भरलेलीच नसतात. पडद्यावर नुसते ‘डिव्हाइस ४७’ दिसते आणि ४७ म्हणजे कुठला हे सांगणारा तक्ता कुणाच्या कपाटात आहे ते कुणाला ठाऊक नसते. असा तक्ता पॅनेलशेजारी लावून घेणे हे बिनखर्चाचे काम आहे आणि ते आधी व्हायला हवे.

वॉचमनला बहुतेक ठिकाणी एकच शिकवलेले असते: वाजला की बंद कर. बरोबर क्रम वेगळा आहे. आधी पडद्यावरचे वाचायचे आणि लिहून घ्यायचे, फोनने फोटो काढला तर उत्तम. मग एकाने त्या जागी जाऊन बघायचे. आग नाही याची खात्री झाली की हूटर शांत करायचा, आणि रीसेट सर्वांत शेवटी. नोंदवहीला सात रकाने पुरतात: तारीख, वेळ, पॅनेलवर दिसलेला क्रमांक, ठिकाण, तिथे गेल्यावर काय दिसले, काय केले, कोणी रीसेट केले. कन्व्हेन्शनल पॅनेल असेल तर ही वही हाच एकमेव इतिहास.

अशी नोंद दोन महिने प्रामाणिकपणे ठेवली, तर कारण बहुतेक वेळा कागदावरच दिसू लागते.

एकच क्रमांक पुन्हा पुन्हा वाजत असेल तर दोष त्या डिटेक्टरात किंवा त्याच्या जागेत आहे. धुराचा डिटेक्टर म्हणजे आत एक काळोखी डबी, तिच्यात प्रकाश सोडणारा एक दिवा आणि त्याच्या थेट समोर न ठेवलेला एक संवेदक. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, संवेदकावर पडतो आणि अलार्म जातो. धूर, धूळ, वाफ आणि कोळी यांत फरक करणे त्या डबीला जमत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये पीओपी घासले, टाइल कापली, की लॉबीतल्या डिटेक्टरात ती पांढरी पूड बसते आणि काम संपल्यावरही महिनोन्‌महिने तो थोड्याशा निमित्ताने वाजत राहतो. म्हणून इंटिरियरचे काम चालू असताना त्या मजल्यावरच्या डिटेक्टरांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालायच्या आणि रोज संध्याकाळी काम थांबले की काढायच्या असतात. टोप्या घालतात सगळे. काढायचे राहून जाते, आणि तो मजला तेव्हापासून आंधळा. आणखी एक खोड तंत्रज्ञांची: डिटेक्टर तपासायला पेटती उदबत्ती खाली धरायची. तिचा तेलकट थर डबीत बसतो आणि तपासणीच पुढच्या खोट्या अलार्मचे कारण होते. यासाठी तपासणीच्या धुराचा स्प्रे मिळतो, तोच वापरा असे कंत्राटात लिहून घ्यावे. सफाई व्हॅक्यूमने किंवा हवेच्या झोताने करायची. ओल्या फडक्याने नाही.

वेळ ठरावीक असेल तर कारण घराघरांतले असते. सकाळी सहा-सातला म्हणजे बाथरूमची वाफ किंवा देवघरातला धूप, साडेसात-आठला म्हणजे फोडणी. हल्ली स्वयंपाकघर उघडे ठेवायची पद्धत आहे. ओटा आणि बैठकीची खोली यांच्यात भिंतच नसते आणि बिल्डरने धुराचा डिटेक्टर नेमका त्या दोहोंच्या मध्ये छताला लावलेला असतो. तिखटाची फोडणी पडली की तो वाजणारच. यात राहणाऱ्याची चूक काडीचीही नाही. स्वयंपाकघरात आणि त्याच्या तोंडाशी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर हवा, जो साधारण ५७-५८ अंश सेल्सियसला किंवा तापमान झपाट्याने चढू लागले तर वाजतो. किंवा धूर आणि उष्णता दोन्ही ताडून बघणारा मल्टिसेन्सर. एकाच कंपनीचा असेल तर तो बहुधा छतावरच्या त्याच बैठकीत, म्हणजे डिटेक्टर फिरवून बसवायच्या बेसमध्ये, बसतो, छत फोडावे लागत नाही. मात्र अ‍ॅड्रेसेबल पॅनेलमध्ये त्या क्रमांकाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. हे विसरले की पॅनेल फॉल्ट दाखवू लागते आणि ‘नवा डिटेक्टरही खराब निघाला’ असा शेरा पडतो.

पाऊस जोरात असतानाच, आणि दर वेळी वेगळा क्रमांक वाजत असेल, तर डिटेक्टर बदलण्यात पैसे घालवू नका, वायरिंग तपासा. शाफ्टमध्ये गळणारे पाणी जंक्शन बॉक्समध्ये साचते, केबलचे आवरण सोलवटलेले असेल तर ती ओल्या पत्र्याला टेकते आणि पॅनेलवर अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याचा इशारा, येतो. रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी उंच इमारतीत राखलेली जागा, तर नियमानेच एका बाजूने उघडा असतो. तिथला कॉल पॉइंट आणि गच्चीवरचा कॉल पॉइंट पाण्यापासून संरक्षित प्रकारचाच हवा. घरात लावायची साधी डबी तिथे लावली की पहिल्या तिरप्या सरीला ती बोलू लागते.

वीज जाताना किंवा येताना वाजत असेल तर पॅनेलमधल्या बॅटऱ्या बघा. लहान पॅनेलमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तीन-चार वर्षांत त्या थकतात. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत व्होल्टेज कोसळते आणि पॅनेल गोंधळते. स्कूटरच्या बॅटरीइतका किरकोळ खर्च, पण त्यापायी अख्खी विंग रस्त्यावर येते.

पार्किंगमधले अलार्म महापालिकेच्या डासांच्या धूर फवारणीने वाजतात. फवारणीचा दिवस बहुधा आधी कळतो. तेवढ्या वेळेपुरता तो एकच झोन बंद करून, तिथे माणूस उभा करून, नंतर झोन पुन्हा चालू केल्याची सही वहीत घ्यावी. कॉल पॉइंट वारंवार दाबला जात असेल तर त्यावर उचलायचे पारदर्शक झाकण बसवावे आणि तिथे कॅमेरा वळवावा. मुलांच्या नावाने ओरडून काही होत नाही.

अ‍ॅड्रेसेबल पॅनेलमध्ये आणखी एक सोय असते, ती वापरली जात नाही. पहिल्या डिटेक्टरच्या इशाऱ्यावर फक्त सिक्युरिटीच्या खोलीत आवाज करायचा, ठरलेल्या दोन-तीन मिनिटांत माणसाने जाऊन बघायचे, आणि कुणी पोच दिली नाही किंवा दुसरा डिटेक्टर अथवा कॉल पॉइंट वाजला तर इमारतभर हूटर. पण ही मांडणी अग्निशमन अधिकाऱ्याला दाखवून, परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायची, आणि रात्री पॅनेलपाशी खरोखर जागा माणूस असेल तरच. नसेल तर तीच दोन मिनिटे जिवावर बेततील.

उंच टॉवरमध्ये अलार्मला इतर यंत्रणाही जोडलेल्या असतात. तो वाजला की लिफ्ट आपोआप तळाला येऊन दारे उघडून थांबतात, जिन्यातले हवेच्या दाबाचे पंखे सुरू होतात, कार्डाने उघडणारी दारे मोकळी होतात. त्यामुळे खोट्या अलार्मचा त्रास नुसता कानाला नसतो. बाविसाव्या मजल्यावरच्या, गुडघे गेलेल्या आजींना लिफ्ट पुन्हा सुरू होईपर्यंत खाली किंवा वर अडकून पडावे लागते. पॅनेल रीसेट केले तरी लिफ्ट काही ठिकाणी वेगळ्याने रीसेट करावी लागते, हे रात्रपाळीच्या वॉचमनला माहीत असायला हवे.

आता भाडेकरूने काय करू नये. आपल्या फ्लॅटमधला डिटेक्टर फिरवून काढून ठेवू नये, त्यावर टेप किंवा पिशवी लावू नये. कन्व्हेन्शनल यंत्रणेत एक डिटेक्टर काढला की, बैठक कोणती आहे त्यावर अवलंबून, वायरीवर त्याच्या पुढचे सगळे डिटेक्टर तुटू शकतात. म्हणजे आपल्या फोडणीच्या सोयीसाठी वरचे मजले उघडे पडतात. शिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ च्या कलम ३ नेच अशा उपकरणांत ढवळाढवळ करायला, ती काढायला किंवा बिघडवायला मनाई केली आहे. ही मनाई भाडेकरूला आहे तशी सेक्रेटरीलाही आहे. कमिटीने ठराव करून हूटर बंद ठेवला तरी तो ठराव या कायद्यापुढे टिकत नाही.

याच कलमाने घरमालक किंवा भोगवटादार यांच्यावर यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला सादर करायचे असते. यंत्रणा बसवली तेव्हाचे प्रमाणपत्र फॉर्म ए, सहामाही देखभालीचे फॉर्म बी. जी यंत्रणा महिन्यातून चारदा खोटी वाजते किंवा जिचा हूटर काढून ठेवला आहे, तिला ‘सुस्थितीत’ असे फॉर्म बी कसे मिळते, हा साधा प्रश्न आहे. उत्तरही सर्वांना माहीत आहे: एजन्सीचा माणूस पंप सुरू करून दाखवतो, आग विझवायच्या दोन सिलिंडरांवर तपासणीची चिठ्ठी चिकटवतो आणि कागद देतो. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागून चौघांचा जीव गेला, तेव्हा इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती असे अग्निशमन दलाने सांगितले होते.

भाडेकरूच्या हक्कांचा विषय आपल्याकडे जरा गुंतागुंतीचा आहे, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे सल्ले बहुधा परदेशी कायद्यांवरून उचललेले असतात. ‘अलार्म दुरुस्त होईपर्यंत भाडे थांबवा’ हा त्यांतला सर्वांत घातक.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे, करारात वेगळे ठरले नसेल तर. लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. कलम २९ खाली जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाणी अशा अत्यावश्यक सेवा घरमालकाला तोडता येत नाहीत. हे वाचून हुरूप येतो खरा. पण हे हक्क या कायद्याच्या अर्थाने जो भाडेकरू आहे त्याचे. पागडीच्या जुन्या चाळीतल्या भाडेकरूचे. आणि जुन्या चाळींत अ‍ॅड्रेसेबल पॅनेल कुठून असणार?

ज्यांच्या डोक्यावर हूटर वाजतात ते जवळजवळ सगळे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. कायद्याच्या नजरेत ते भाडेकरू नाहीत, लायसन्सी आहेत, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी असलेले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सींना जुन्या कायद्याने भाडेकरू मानले, तो अपवाद आजच्या आयटीतल्या पोराला लागू नाही. लायसन्सीला भाड्यातून दुरुस्तीखर्च कापायचा आपोआप हक्क नाही, आणि मासिक रक्कम थांबवली तर करार मोडल्याचा ठपका त्याच्यावरच येतो. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट रकमेचा भुर्दंड बसू शकतो. मग त्याच्याकडे उरते काय? दोन गोष्टी, आणि दोन्ही दिसतात त्याहून भक्कम आहेत: करार आणि अग्निसुरक्षेचा कायदा.

करार नोंदणीकृत असावा, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पण वादाची वाट बघण्यापेक्षा सही करण्याआधी एक अट घालून घ्यावी. एजंट ‘ड्राफ्ट ठरलेला असतो’ म्हणेल. ऑनलाइन नोंदणीतही जादा अटी लिहायला जागा असते. मजकूर असा ठेवता येईल:

‘इमारतीतील फायर अलार्म यंत्रणा आगीशिवाय वारंवार वाजत असल्यास अथवा बंद ठेवली गेल्यास, लायसन्सीने लेखी कळवल्यापासून ३० दिवसांत लायसन्सर ती सोसायटीमार्फत दुरुस्त करवून घेईल. तसे न झाल्यास लॉक-इन कालावधी लागू न राहता लायसन्सीस एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडता येईल व या कारणास्तव अनामत रकमेतून कोणतीही कपात होणार नाही.’

घर बघायला जाल तेव्हा गीझर आणि पाण्याच्या वेळा विचारता, तसे दोन मिनिटे पॅनेलपाशी थांबा. हिरवा दिवा एकटा लागला असेल तर ठीक. पिवळा ‘फॉल्ट’ किंवा ‘डिसेबल्ड’ लागला असेल, बझरवर टेप असेल, तर सोसायटीबद्दल बरेच काही कळते. लॉबीतला कॉल पॉइंट फुटका आणि डिटेक्टरवर धुळीने माखलेली टोपी हेही नजरेला पडावे.

आधीच राहत असाल आणि अट नसेल, तरी लेखी तक्रारीची वाट मोकळी आहे. तक्रार घरमालकाला पाठवायची आणि प्रत सोसायटीला. सोसायटीची सभासद व्यक्ती घरमालक आहे, त्यामुळे कमिटीला उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार त्याचा. फोनवर ‘बघतो’ म्हणण्यापलीकडे तो जावा यासाठी कागद हवा. पत्रात रडगाणे नको, चार गोष्टी हव्यात: कोणत्या तारखांना व वेळांना अलार्म वाजला, पॅनेलवर कोणता क्रमांक दिसला, तो बंद कोणी व किती वेळाने केला, आणि काय हवे. काय हवे ते असे लिहावे: पॅनेलच्या मागील तीन महिन्यांच्या नोंदींची प्रत, देखभाल एजन्सीचा शेवटचा सर्व्हिस रिपोर्ट, चालू फॉर्म बी ची प्रत, आणि दुरुस्तीची तारीख. पत्र पोचपावतीने किंवा ईमेलने. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली तक्रार अर्ध्या तासात सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते.

सर्व्हिस रिपोर्ट मागायचे कारण आहे. देखभालीचे कंत्राट दोन तऱ्हांचे असते, सुट्या भागांसह आणि सुट्या भागांशिवाय. बहुतेक सोसायट्या स्वस्तातले दुसरे घेतात. मग तंत्रज्ञ येतो, ‘११ व्या मजल्याचा डिटेक्टर बदलावा, बॅटऱ्या बदलाव्यात’ असा शेरा लिहितो, त्याचे कोटेशन येते आणि ते सहा महिने फायलीत पडून राहते. असा शेरा तुमच्या हाती आला की ‘कारण सापडत नाही’ हे उत्तर संपले. ‘भाडेकरूंच्या धुपाने वाजतो’ हा आरोपही नोंदीपुढे टिकत नाही. वाजलेला डिटेक्टर तुमच्या मजल्यावरचा नसेल तर विषयच मिटला. आणि खरोखर तुमच्याच घरातला असेल, तर तिथे धुराऐवजी उष्णतेचा डिटेक्टर बसवून द्या अशी मागणी करायची. सोसायटीने परस्पर दंड लावला तर तो कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने, आणि घरमालकाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले होते का, हे घरमालकामार्फत विचारावे. तोंडी दंड भरू नये.

इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर घरमालकाला आणखी एका गोष्टीची आठवण करून द्या. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४ खाली बांधकाम, कारागिरी, गुणवत्ता किंवा सेवांच्या तरतुदीतले दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवले, तर बिल्डरने ते ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. चुकीच्या जागी बसवलेले धुराचे डिटेक्टर आणि पाणी शिरणारे जंक्शन बॉक्स हे यात मांडता येण्यासारखे दोष आहेत. हा हक्क घर विकत घेणाऱ्याचा. पण बहुतेक गुंतवणूकदार मालकांना तो आठवत नाही, कारण हूटर त्यांच्या उशाशी वाजत नाही.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करावी. इथे लायसन्सी की भाडेकरू हा प्रश्न येत नाही. सोबत तारखांची यादी, पॅनेलचे फोटो, बंद हूटरचा किंवा टोपी घातलेल्या डिटेक्टरचा फोटो. ‘आवाजाचा त्रास होतो’ असे लिहिले की ती शेजाऱ्यांची कटकट ठरते. ‘आग-सूचक यंत्रणा सदोष आहे व वारंवार बंद ठेवली जाते’ असे लिहिले की ती कायद्याच्या कक्षेत येते. विभागाला इमारतीची तपासणी करून नोटीस देण्याचे अधिकार आहेत आणि नोटीस न पाळणाऱ्यावर खटलाही होऊ शकतो. एजन्सीचा परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत आहे का आणि त्याची मुदत उरली आहे का, हेही पडताळून पाहावे. फॉर्म बी वर परवाना क्रमांक असतोच.

सोसायटी फॉर्म बी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत मजकूर, कारण आपल्या राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे. अर्ज महापालिकेच्या अग्निशमन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. मागणी नेमकी असावी: अमुक पत्त्यावरील इमारतीसाठी मागील दोन वर्षांत जानेवारी व जुलैमध्ये सादर झालेल्या फॉर्म बी च्या प्रती, आणि या काळात विभागाने दिलेल्या नोटिसा. ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. ‘अशी नोंद आढळून येत नाही’ असे उत्तर आले तरी ते जपून ठेवा. घरमालकाला आणि कमिटीला पाठवण्यासारखा त्याहून चांगला कागद नाही.

हे सगळे चालू असताना हूटर वाजला की बाहेर पडायचे ते पडायचेच. गॅस बंद, दार ओढून घ्यायचे, जिन्याने उतरायचे. झोपलेल्या माणसाला उठवायला उशाशी सुमारे ७५ डेसिबल आवाज पोहोचावा असा संकेत आहे. लॉबीतला हूटर बंद दारातून बेडरूमपर्यंत तेवढा येत नसेल, तर तीही तक्रारच, तीही पत्रात घालावी.

महापालिकांच्या अग्निशमन विभागांकडे एक मागणी या निमित्ताने. या जुलैपासून फॉर्म बी सोबत पॅनेलच्या सहा महिन्यांच्या नोंदींचा छापील उतारा घ्यावा, कन्व्हेन्शनल पॅनेल असेल तिथे नोंदवहीच्या पानांची प्रत, आणि फॉर्म बी ची एक प्रत लॉबीतल्या सूचनाफलकावर लावणे सक्तीचे करावे. लिफ्टच्या परवान्याची प्रत लिफ्टमध्ये लावता येते, तर हीही लावता येईल. उताऱ्यात एकच क्रमांक दहा वेळा दिसला आणि त्यापुढे दुरुस्तीची नोंद नसली, तर प्रमाणपत्र परत पाठवावे आणि एजन्सीला विचारणा करावी.

आपला,
अग्निसुरक्षा यंत्रणांच्या देखभालीच्या कामातील एक वाचक,
ठाणे